एम्डेनचे कप्तान कार्ल फॉन म्युलर

२२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री मद्रास बंदरावर समुद्रातून सर्चलाइटचे झोत पडले आणि काही मिनिटांतच बर्मा ऑइल कंपनीच्या टाक्या पेटल्या. मारा करणारी नौका होती जर्मनीची हलकी क्रूझर एम्डेन. तिचे कप्तान कार्ल फॉन म्युलर त्या वेळी ४१ वर्षांचे होते.

हॅनोव्हर येथे १८७३ मध्ये जन्मलेले म्युलर १८९१ मध्ये नौदलात दाखल झाले. पूर्व आफ्रिकेतील कामगिरीत जडलेल्या हिवतापाने त्यांची पाठ कधीच सोडली नाही. १९१३ मध्ये एम्डेनची सूत्रे त्यांच्याकडे आली. डान्झिग येथे बांधलेल्या या नौकेवर १०.५ सेंटीमीटरच्या १० तोफा होत्या आणि वेग ताशी सुमारे २४ सागरी मैल. टेहळणी करणे आणि व्यापारी जहाजे पकडणे यांसाठी तिची रचना होती. मोठ्या तोफांशी सामना करण्यासाठी नव्हे. म्युलर यांचे सारे डावपेच या मर्यादेच्या जाणिवेतून आले.

युद्ध पेटल्यावर अ‍ॅडमिरल श्पे यांचा ताफा दक्षिण अमेरिकेकडे वळला. संपूर्ण ताफ्याला पुरेल इतका कोळसा हिंदी महासागरात मिळणे अशक्य होते. एकटी नौका मात्र पकडलेल्या जहाजांच्या कोळशावर तग धरू शकत होती. म्युलर यांनी तशी परवानगी मिळवली. एम्डेनला तीन धुराडी होती. चौथे खोटे धुराडे उभारून त्यांनी तिला ब्रिटिश क्रूझरचे रूप दिले. सुमारे दोन डझन व्यापारी जहाजे त्यांच्या हाती लागली. जहाज बुडवण्यापूर्वी त्यावरील माणसांना सुखरूप उतरवून घेण्याची त्यांची रीत शत्रूच्या वृत्तपत्रांनीही वाखाणली. अर्थात मद्रासच्या माऱ्यात बंदरातील खलाशी मारले गेले, हेही विसरता येत नाही. ऑक्टोबरअखेर पेनांग बंदरात एम्डेनने रशियाची झेमचुग ही क्रूझर बुडवली.

९ नोव्हेंबरला कोकोस बेटांवरील तारकेंद्र उद्ध्वस्त करण्यासाठी सुमारे ५० सैनिक किनाऱ्यावर उतरले. केंद्राने त्याआधीच बिनतारी संदेश धाडला होता. ऑस्ट्रेलियाची सिडनी ही क्रूझर येऊन ठेपली. तिच्या तोफा १५.२ सेंटीमीटरच्या आणि वेगही अधिक. एम्डेनचे पहिले गोळे अचूक लागले, पण पुढे लढत एकतर्फी झाली. नौका बुडू नये म्हणून म्युलर यांनी ती प्रवाळखडकावर चढवली. तिच्यावरील १३० हून अधिक जण प्राणास मुकले.

म्युलर माल्टा व नंतर इंग्लंडमध्ये युद्धकैदी होते. १९१७ मध्ये भुयार खणून ते सहकाऱ्यांसह निसटले, मात्र पुन्हा पकडले गेले. हिवताप बळावल्याने १९१८ मध्ये त्यांना उपचारासाठी हॉलंडला पाठवण्यात आले. त्याच वर्षी त्यांना सर्वोच्च लष्करी सन्मान मिळाला. आठवणी लिहिण्यास त्यांनी नकार दिला. मृत सहकाऱ्यांच्या रक्तावर पैसा कमावणे त्यांना मान्य नव्हते. ११ मार्च १९२३ रोजी ब्लांकेनबुर्ग येथे वयाच्या ४९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.