हजेरीपटाबाहेरची सैनिक

युद्ध संपले की सैनिक घरी परततो, असे सहज म्हटले जाते. परतण्यासाठी त्याला घर आहे, हे त्यात गृहीत धरलेले असते. अमेरिकेत अलीकडे माजी सैनिक स्त्रियांच्या बेघरपणाचा प्रश्न ऐरणीवर आला आहे. इतर स्त्रियांच्या तुलनेत या स्त्रियांना घर गमावण्याचा धोका अधिक असतो, असे तेथील अभ्यासकांचे निष्कर्ष आहेत. सेवेत असताना सहकाऱ्यांकडूनच झालेले लैंगिक अत्याचार, मुलांचा एकटीवर पडलेला भार, अपुरे उत्पन्न अशी त्याची कारणे सांगितली जातात. ती खरीच आहेत. परंतु या प्रश्नाचे एक मूळ फार जुने आहे. स्त्रीने रणभूमीवर केलेले काम दप्तरात सैनिकी सेवा म्हणून नोंदलेच जात नसे, हे ते मूळ होय. हॅरिएट टबमन यांच्या उत्तरायुष्यात ते स्पष्ट दिसते.

टबमनबाईंचे पूर्वायुष्य जगाला ठाऊक आहे. १८२२ च्या सुमारास मेरिलँडमध्ये गुलामीत जन्म, लहानपणी डोक्यावर बसलेला लोखंडी वजनाचा घाव, १८४९ मधील पलायन आणि नंतर पुनःपुन्हा दक्षिणेत जाऊन सुमारे सत्तर जणांची केलेली सुटका, ही कथा शाळकरी पुस्तकांतूनही येते. हिशेबाच्या वहीत नोंदले गेलेले त्यांचे आयुष्य मात्र क्वचितच वाचले जाते.

१८५९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील ऑबर्न येथे विल्यम सेवर्ड या सिनेटरने त्यांना सात एकर जमीन व घर १,२०० डॉलरना हप्त्यांनी विकले. विकत घेणारी स्त्री कायद्याच्या दृष्टीने तेव्हा फरारी गुलाम होती, म्हणजे ती स्वतःच कोणाची तरी मालमत्ता ठरत होती! टबमनबाईंनी तेथे आपल्या वृद्ध आईवडिलांना आणून ठेवले. पुढील अर्धशतकात त्या बेघर झाल्या नाहीत याचे श्रेय या व्यवहाराला द्यावे लागेल. ज्या सरकारची त्यांनी चाकरी केली त्याला नव्हे.

ही चाकरी १८६२ मध्ये सुरू झाली. यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्याबरोबर त्या दक्षिण कॅरोलायनात गेल्या. रुग्णशुश्रूषा, स्वयंपाक, हेरगिरी आणि टेहळणी पथकाचे नेतृत्व ही सारी कामे त्यांनी केली. त्यांनी मिळविलेल्या माहितीच्या आधारे २ जून १८६३ रोजी कोम्बाही नदीवर छापा घालण्यात आला. त्या छाप्यात त्या स्वतः वाटाड्या होत्या, आणि एका मोहिमेत सातशेहून अधिक गुलाम मुक्त झाले. एवढ्या तीन वर्षांच्या कामाबद्दल त्यांच्या हाती पडले सुमारे २०० डॉलर. त्या रकमेतूनही त्यांनी एक धुलाईघर उभारले व मुक्त झालेल्या स्त्रियांना कमाईचे साधन दिले. सैन्याकडून मिळणारा शिधा इतरांच्या डोळ्यांवर येतो असे दिसताच त्यांनी तो सोडला. दिवसभर रुग्णालयात राबून रात्री पाय आणि मुळांचे पेय तयार करायचे व विकायचे, असा त्यांचा क्रम सुरू झाला. सैन्याला सेवा देणारी व्यक्ती स्वतःचे पोट फेरीच्या मालावर भरत होती.

१८६५ मध्ये घरी परतताना रेल्वेत सैनिकी सवलतीचा पास दाखविला असता कंडक्टरने तो खरा मानला नाही. डब्यातून ओढून काढताना त्यांचा हात दुखावला. काळी बाई सैनिक असूच शकत नाही, हा त्या कंडक्टरचा समज होता. आणि वॉशिंग्टनमधील कचेऱ्यांचा समज तरी त्याहून कोठे वेगळा होता? परराष्ट्रमंत्रिपदी असलेल्या सेवर्ड यांनी केलेली शिफारसही वाया गेली. १८७४ मध्ये त्यांना २,००० डॉलर देण्याचे विधेयक प्रतिनिधिगृहात संमत झाले, सिनेटमध्ये अडले. नियुक्तीचा हुकूम नाही, हजेरीपटावर नाव नाही, म्हणून देणे नाही, असा हा न्याय होता.

घर होते, पण रोख नव्हते. स्थावर मालमत्ता आणि नियमित उत्पन्न या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसरीवाचून पहिली टिकत नाही. सेरा ब्रॅडफर्ड यांनी १८६९ मध्ये लिहिलेल्या चरित्राच्या उत्पन्नाने कर्जाचा भार हलका झाला. त्यानंतर भाजीपाला, डुकरे, विटा, भाडेकरू यांवर संसार चालला. अशा ओढाताणीत माणूस लबाडांच्या हाती सापडतो. १८७३ मध्ये स्वस्त सोन्याच्या आमिषाला भुलून त्यांनी उसने आणलेले २,००० डॉलर गमावले. तरीही दार कोणाला बंद झाले नाही. अनाथ मुले, आंधळे, वृद्ध त्या घरात राहत. आजच्या अमेरिकेत जानेवारीतील एका रात्री बेघरांची शिरगणती होते. दुसऱ्याच्या घरात दाटीने आसरा घेतलेले लोक तीत धरले जात नाहीत. मुलांना घेऊन नातलगांकडे दिवस काढणाऱ्या माजी सैनिक स्त्रिया याच कारणाने आकड्यांतून निसटतात. टबमनबाईंच्या घरातील माणसेही या शिरगणतीत आली नसती.

त्यांचे दुसरे पती नेल्सन डेव्हिस हे सैनिक होते. १८८८ मध्ये ते वारले आणि १८९० च्या कायद्याने विधवांना निवृत्तिवेतनाचा मार्ग मोकळा झाला. विवाह सिद्ध करण्यात पाच वर्षे गेली. १८९५ मध्ये दरमहा ८ डॉलर मंजूर झाले. म्हणजे स्वतःच्या सेवेने जे मिळाले नाही ते पतीच्या सेवेने मिळाले. १८९९ मध्ये ते २५ डॉलर करण्याचे विधेयक आले तेव्हा सिनेटने काटछाट करून २० वर आणले : ८ विधवा म्हणून, १२ परिचारिका म्हणून. हेरगिरीचे आणि नेतृत्वाचे शून्य.

शेजारची पंचवीस एकर जमीन त्यांनी १८९६ मध्ये लिलावात घेतली होती. निराधार वृद्धांसाठी तेथे आश्रम काढायचा त्यांचा मानस होता. पैशाअभावी १९०३ मध्ये ती चर्चच्या स्वाधीन करावी लागली. १९०८ मध्ये आश्रम उघडला. प्रवेशासाठी १०० डॉलर घेण्याचा चर्चचा विचार त्यांना मुळीच रुचला नाही. ज्याच्यापाशी पैसे नाहीत त्याच्यासाठीच तर ही जागा होती. १९११ मध्ये त्या स्वतः तेथे दाखल झाल्या आणि १० मार्च १९१३ रोजी न्यूमोनियाने तेथेच वारल्या.

नोंद नसलेल्यांचा हा प्रश्न त्यांच्यापाशी संपला नाही. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये सैन्याचे टेलिफोन सांभाळणाऱ्या आणि दुसऱ्या महायुद्धात लष्करी विमाने चालविणाऱ्या अमेरिकन स्त्रियांना माजी सैनिक म्हणून मान्यता देणारा कायदा १९७७ मध्ये झाला. तोवर त्यांपैकी अनेकजणी हयात नव्हत्या.

मेरिलँडने टबमनबाईंना २०२४ मध्ये मरणोत्तर ब्रिगेडियर जनरल केले. त्यापूर्वी २००३ मध्ये अमेरिकन काँग्रेसने त्यांच्या आश्रमाला ११,७५० डॉलर मंजूर केले होते. १८९९ पासून मृत्यूपर्यंत दरमहा ५ डॉलर कमी दिले गेले, त्या ८५० डॉलरचे हे २००३ मधील मूल्य. १८६५ ते १८९९ या चौतीस वर्षांची थकबाकी त्या हिशेबात धरलेली नाही.