अनाथांचे पालक जॉर्ज मुलर

दान करणें हें श्रीमंतांचें काम आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. ईश्वर आम्हांस विपुल देईल तेव्हां आम्हीही देऊं, असें म्हणून मनुष्य आपल्या मनाचें समाधान करून घेतो. परंतु ज्या पुरुषाचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों, त्याच्यापाशीं आरंभीं धनही नव्हतें व देण्याची वृत्तीही नव्हती. उलट, दुसऱ्याचें घेण्याची त्याला लहानपणापासून खोड होती. अशा मनुष्याच्या हातून सुमारें १०,००० अनाथ बालकांचें पालन कसें झालें, हें विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या आईबापांनीं लक्षांत घेण्यासारखें आहे.

जॉर्ज मुलर याचा जन्म २७ सप्टेंबर १८०५ रोजीं प्रशिया देशांत झाला. त्याचा बाप सरकारी कर वसूल करणारा अंमलदार होता. मुलांना पैशाचा व्यवहार कळावा म्हणून तो त्यांच्या हातीं वयाच्या मानानें बराच पैसा देत असे. परिणाम मात्र उलटा झाला. जॉर्ज पैसा उधळी आणि खोटा हिशेब दाखवी. पुढें तर बापाच्या ताब्यांतील सरकारी पैशालाही त्याचा हात लागूं लागला. बापाला संशय आला व त्यानें कांहीं नाणीं मोजून खोलींत ठेविलीं. मुलानें त्यांतील कांहीं घेऊन जोड्यांत पायाखालीं लपविलीं. परंतु झडती होऊन चोरी उघडकीस आली. शिक्षा झाली, पण खोड गेली नाहीं. पुढच्या वेळीं सांपडूं नये एवढेंच तो शिकला.

तो चवदा वर्षांचा असतां त्याची आई वारली. त्या रात्रीं घरीं काय घडत आहे याची कांहींच कल्पना नसल्यामुळें तो पत्ते खेळत बसला होता. सोळाव्या वर्षीं खाणावळींत थाटानें राहून पैसे बुडविल्याबद्दल त्याला कांहीं आठवडे तुरुंगांत काढावे लागले. एकदां तर त्यानें आपले सर्व पैसे उडविले, स्वतःच आपल्या पेटीचें कुलूप मोडलें आणि चोरी झाली असा कांगावा केला. मित्रांना दया आली व त्यांनीं वर्गणी करून त्याची भरपाई केली. या मुलाला बाप धर्मोपदेशक करणार होता. तोही, आपल्या म्हातारपणीं सुखाचें घर मिळावें म्हणून!

इ. स. १८२५ च्या नोव्हेंबरांत हाले येथील विद्यापीठांत शिकत असतां एका मित्राबरोबर तो एका घरगुती प्रार्थनासभेस गेला. तेथें एक मनुष्य गुडघे टेकून प्रार्थना करूं लागला. धर्मशास्त्राचा विद्यार्थी असूनही जॉर्जनें असें दृश्य पूर्वी कधीं पाहिलें नव्हतें. त्या संध्याकाळपासून त्याच्या जीवनाला निराळें वळण लागलें. ख्रिस्तानें आपल्याकरितां सर्वस्व दिलें, हें ज्याला मनापासून पटलें, त्याला आपली मूठ मिटून ठेवणें कठीण होतें.

सन १८२९ मध्यें मुलर इंग्लंडांत आले व पुढील वर्षीं टिनमथ गांवीं एका लहान मंडळीचे पाळक झाले. तेथें उपासनेच्या जागांसाठीं भाडें घेण्याची चाल होती व त्यांतून पाळकाचा पगार निघे. भाडें देणाऱ्या श्रीमंताला चांगली जागा व गरिबाला मागची, हें त्यांना ख्रिस्ताच्या घरीं शोभेनासें वाटलें. त्यांनीं तो पगार सोडला. मंदिरांत एक पेटी ठेविली. ज्यानें त्यानें स्वखुषीनें काय तें तींत घालावें. नुकतेंच लग्न होऊन आलेली त्यांची पत्नी मेरी हिनेंही या गोष्टीला आनंदानें संमति दिली. यापुढें आपली गरज मनुष्याला सांगावयाची नाहीं, देवालाच सांगावयाची, असा त्यांनीं नेम केला.

सन १८३२ मध्यें तीं उभयतां ब्रिस्टल शहरीं राहावयास गेलीं. तेथील निराधार मुलांचे हाल पाहून ११ एप्रिल १८३६ रोजीं मुलर यांनीं भाड्याच्या घरांत पहिलें अनाथगृह उघडलें. या आरंभीच्या काळांत एका अशक्त, शिवणकाम करून पोट भरणाऱ्या स्त्रीनें अनाथांसाठीं १०० पौंड देऊं केले. तिला वारशानें थोडें धन मिळालें होतें. मुलर यांनीं ती रक्कम लागलीच घेतली नाहीं. त्यांनीं तिला बोलावून नीट चौकशी केली. तिनें बापाचें कर्ज फेडलें आहे, आईचीही सोय लाविली आहे आणि पूर्ण विचार करूनच ती देत आहे, अशी खात्री झाल्यावर त्यांनीं दान स्वीकारलें. मित्रांची दया फसवून घेणारा तरुण तो हाच, हें येथें आठवावें.

मुलांची संख्या वाढली, तेव्हां त्यांच्या गलबल्यानें शेजाऱ्यांस त्रास होऊं लागला. तसें पत्र येतांच मुलर रागावले नाहींत. शेजाऱ्यांचें म्हणणें वाजवी आहे असें त्यांनीं मानलें आणि शहराबाहेर अ‍ॅश्ली डाऊन येथें जमीन घेतली. तेथें १८४९ पासून १८७० पर्यंत पांच मोठीं गृहें उभीं राहिलीं व त्यांत २,००० मुलांची सोय झाली. कधीं कधीं उद्यांपुरतेंही द्रव्य शिल्लक नसे. तरी त्यांनीं कर्ज काढलें नाहीं. आलेल्या प्रत्येक पेनीचा हिशेब ठेवून तो ते प्रसिद्ध करीत.

वृद्धपणीं त्यांनीं देशोदेशीं प्रवास केला; आपल्या हिंदुस्थानांतही ते आले होते. सन १८९० मध्यें जबलपूर येथें असतां त्यांना आपल्या एकुलत्या कन्येच्या मृत्यूची तार मिळाली. आमच्या पंडिता रमाबाई यांनीं मुलर यांचा वृत्तांत वाचला होता व त्यापासून त्यांच्या विश्वासाला बळ मिळालें. केडगांवच्या मुक्तिसदनाचा हा एक दूरचा झराच म्हणावा.

१० मार्च १८९८ रोजीं मुलर प्रभूकडे गेले. लोकांनीं त्यांच्या स्वतःच्या खर्चासाठीं म्हणून दिलेल्या पैशांतून त्यांनीं ८१,००० पौंडांहून अधिक रक्कम देवकार्याला दिली होती. मागें राहिलेली त्यांची सर्व मालमत्ता, घरांतील सामान धरून, सुमारें १७० पौंडांची भरली.

विद्यार्थिमित्रहो, शाळेंत एखाद्या निधीची पेटी फिरते तेव्हां तुम्ही घरीं जाऊन वडिलांपाशीं पैसा मागतां व तो आणून पेटींत टाकतां. तें वडिलांचें दान झालें. तुमचें दान तुमच्या खाऊंतून, तुमच्या खेळाच्या वेळेंतून, तुमच्या पुस्तकांतून निघालें पाहिजे. तें देतांना मनाला थोडें दुखलेंही पाहिजे. आणि आईबापांना आमची विनंति ही कीं, मुलाच्या हातीं नुसता पैसा देऊन त्याला त्याचा उपयोग कळत नाहीं. जॉर्जच्या बापाचा अनुभव डोळ्यांपुढें आहे. देणारे हात त्याला घरांत रोज दिसूं द्या. स्वार्थाची खोड जुनी असली तरी प्रभूच्या कृपेनें ती सुटते, याची साक्ष हें चरित्र देत आहे.