आवाज पार गेला होता, तरी बिली हॉलिडेचा 'लेडी इन सॅटिन' आजही का ऐकला जातो?

साल १९५८, फेब्रुवारी महिना. न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया कंपनीचा एक स्टुडिओ होता. मूळचं हे चर्च. उंच छत, लाकडी फरशी आणि आवाज घुमावा तर असा, की मोठमोठे कलाकार रेकॉर्डिंगसाठी हाच स्टुडिओ मागून घ्यायचे.

त्या दिवसांत तिथं व्हायोलिनवाले, ट्रॉम्बोनवाले, मागे सूर धरणाऱ्या गायिका असा मोठा ताफा जमला होता. आणि या सगळ्यांच्या समोर माइकपाशी उभी होती ४२ वर्षांची एक बाई. शरीर थकलेलं, हातात जिनचा ग्लास आणि आवाज असा, की जुन्या रेकॉर्ड ऐकलेल्या माणसाला धक्काच बसावा.

ती होती बिली हॉलिडे, अमेरिकेच्या जॅझ संगीतातलं सगळ्यात मोठं नाव.

या रेकॉर्डिंगमधून जो अल्बम तयार झाला, त्याचं नाव 'लेडी इन सॅटिन'. काहींना तो एका मोठ्या गायिकेची दुर्दशा वाटतो, तर काहींना तिचं सगळ्यात खरं गाणं. साठ वर्षांहून जास्त काळ झाला, तरी हा वाद मिटलेला नाही.

पण हा वाद समजून घ्यायचा असेल, तर आधी बिलीचं आयुष्य समजून घ्यावं लागतं.

बालपण नावालाच होतं

बिलीचं खरं नाव एलिनोरा फेगन. जन्म ७ एप्रिल १९१५, फिलाडेल्फिया. आई अजून विशीतही पोचली नव्हती. वडील क्लॅरेन्स हॉलिडे गिटार वाजवायचे, पण त्यांनी घर असं कधी केलंच नाही. आई कामासाठी गावोगाव फिरायची आणि पोरगी बाल्टिमोरमध्ये नातेवाइकांकडे वाढायची.

शाळा बुडवते म्हणून नवव्या वर्षी तिला सुधारगृहात टाकलं. तिथून सुटली आणि पुढं एका शेजाऱ्याने तिच्यावर बलात्कार केला. तेव्हा ती अकरा वर्षांची होती. यानंतर पुन्हा सुधारगृहात कुणाला पाठवलं असेल? तर तिलाच.

पोटासाठी ती एका कुंटणखान्यात वरकाम करायची. तिथं एक ग्रामोफोन होता. त्यावर लुई आर्मस्ट्राँग आणि बेसी स्मिथ वाजायचे. गाण्याचं तिचं शिक्षण म्हणाल तर एवढंच. ना गुरू, ना क्लास, ना नोटेशन.

१९२९ च्या सुमारास ती आईमागोमाग न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत आली. तिथं वेश्याव्यवसायाच्या आरोपाखाली मायलेकी दोघींना अटक झाली. तेव्हा तिचं वय होतं १४.

त्यानंतर तिने हार्लेमच्या छोट्या क्लबमध्ये गायला सुरुवात केली. नावही नवीन घेतलं. बिली डव्ह ही तिची आवडती नटी, तिच्याकडून 'बिली' घेतलं. आणि ज्याने कधी सांभाळलं नाही, त्या बापाकडून 'हॉलिडे'.

उरलेल्या गाण्यांचं सोनं

१९३३ मध्ये जॉन हॅमंड नावाच्या तरुण निर्मात्याने तिला एका क्लबमध्ये ऐकलं. त्याच वर्षी तिची पहिली रेकॉर्ड आली. सोबत बेनी गुडमन होता. बिली १८ वर्षांची होती.

१९३५ पासून ती पियानोवादक टेडी विल्सनसोबत रेकॉर्ड करायला लागली. या रेकॉर्ड ज्यूकबॉक्ससाठी असायच्या. म्हणजे हॉटेलात नाणं टाकून गाणं ऐकायचं, ते मशीन.

आता इथं एक गोष्ट लक्षात घ्या. तेव्हा चांगली गाणी आधी गोऱ्या स्टार गायकांकडे जायची. उरलंसुरलं, कुणाला नको असलेलं गाणं काळ्या कलाकारांच्या वाट्याला यायचं. पैसेही ठरावीक आणि एकदाच. रेकॉर्ड कितीही खपली, तरी रॉयल्टीचं नाव नाही.

बिलीने याच गाण्यांचं सोनं केलं.

तिचा आवाज मोठा नव्हता. जेमतेम एक सप्तक आणि वर थोडं, एवढीच त्याची झेप. त्यामुळे वरचे सूर ती सरळ वगळायची आणि चाल आपल्या सोयीने बदलायची. तालाच्या किंचित मागे राहायची. आता चुकते की काय असं वाटेपर्यंत थांबायची आणि मग नेमकी येऊन मिळायची. बेसी स्मिथसारख्या गायिका सगळा हॉल भरेल अशा आवाजात गायच्या. बिली मात्र माइकजवळ उभी राहून बोलल्यासारखी गायची. ऐकणाऱ्याला वाटायचं, ही आपल्यालाच काहीतरी सांगतेय.

आपल्याकडे एकच बंदिश दोन गायकांकडून ऐकली, की दोन वेगळ्या गोष्टी ऐकल्यासारखं वाटतं. बिलीने अमेरिकेच्या साध्या सिनेमा-नाटकांतल्या गाण्यांचं नेमकं हेच केलं.

सॅक्सोफोनवाला लेस्टर यंग तिचा जिवाभावाचा दोस्त. त्याने तिचं नाव ठेवलं 'लेडी डे'. हे नाव तिला जन्मभर चिकटलं.

गाणं चालतं, पण बाई चालत नाही

१९३८ मध्ये ती आर्टी शॉच्या ऑर्केस्ट्रात गेली. सगळे वादक गोरे आणि गायिका काळी. त्या काळात ही फार मोठी गोष्ट होती. दक्षिणेत दौऱ्यावर गेलं, की तिला हॉटेलात खोली मिळायची नाही, जेवणही मिळायचं नाही. पण कहर झाला तो न्यूयॉर्कमध्ये. ज्या हॉटेलात ती गायची, तिथंच तिला सामानाच्या लिफ्टने ये-जा करायला सांगितलं. बिलीने ऑर्केस्ट्रा सोडला.

१९३९ मध्ये ती 'कॅफे सोसायटी' या क्लबमध्ये गायला लागली. काळे आणि गोरे शेजारी बसून ऐकू शकतील, अशा तिथल्या मोजक्या जागांपैकी ही एक. इथं तिच्या हातात एक गाणं आलं, 'स्ट्रेंज फ्रूट'. एबल मीरोपोल या शिक्षकाने लिहिलेलं. विषय होता दक्षिणेत काळ्या माणसांना जमावाने मारून झाडाला लटकवण्याचा.

या गाण्याच्या वेळी क्लबमध्ये वेटर थांबायचे, दिवे बंद व्हायचे आणि फक्त तिच्या चेहऱ्यावर एक प्रकाशझोत राहायचा. गाणं संपलं की ती निघून जायची.

बिलीसाठी हे गाणं घरचं होतं. तिचे वडील १९३७ मध्ये टेक्सासमध्ये फुप्फुसाच्या आजाराने गेले. काळा म्हणून त्यांना वेळेवर उपचार मिळाले नाहीत. हे गाणं गाताना तिला बापाचं मरण आठवायचं.

कोलंबियाने हे गाणं रेकॉर्ड करायला नकार दिला. शेवटी ते कमोडोर नावाच्या छोट्या कंपनीने काढलं.

कार्ड गेलं आणि न्यूयॉर्क बंद झालं

चाळीसच्या दशकात पैसा आला, नाव आलं आणि त्याच्यासोबत हेरॉईनही आलं. आयुष्यात आलेल्या पुरुषांनी मारहाण केली, पैसे उडवले. सरकारच्या अमली पदार्थ विभागाची नजर तिच्यावर होतीच.

१९४७ मध्ये तिला अटक झाली आणि वेस्ट व्हर्जिनियातल्या तुरुंगात पाठवलं. मार्च १९४८ मध्ये ती सुटली आणि त्याच महिन्यात न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये गायली. हॉल खचाखच भरला होता.

म्हणजे सगळं सुरळीत झालं? तर नाही.

तेव्हा न्यूयॉर्कमध्ये एक नियम होता. जिथं दारू विकली जाते, तिथं गायचं असेल तर पोलिसांकडून 'कॅबरे कार्ड' घ्यावं लागायचं. शिक्षा झाल्यामुळे बिलीला ते नाकारलं गेलं. थिएटरमध्ये गायची परवानगी होती, क्लबमध्ये नव्हती. आणि जॅझ तर क्लबमध्येच जगायचं.

ज्या शहराने तिला बिली हॉलिडे केलं, त्या शहराचे क्लब तिच्यासाठी मरेपर्यंत जवळपास बंदच राहिले. मग बाहेरगावचे दौरे, दारू, पुन्हा हेरॉईन, पुन्हा अटक. आवाज झिजत गेला.

आणि मग 'लेडी इन सॅटिन'

टॉर्च साँग म्हणजे काय, ते आधी बघू. एखादा माणूस आपल्याला सोडून गेला, तरी त्याच्यावर प्रेम करत राहणं, याला इंग्रजीत त्याच्यासाठी मशाल धरून उभं राहणं म्हणतात. त्यावरून अशा विरहाच्या गाण्यांना टॉर्च साँग हे नाव पडलं. आणि जी जुनी लोकप्रिय गाणी प्रत्येक पिढीतले गायक आपापल्या पद्धतीने गातात, ती म्हणजे स्टँडर्ड.

१९४८ मध्ये लाँग प्ले रेकॉर्ड आली. त्याआधी रेकॉर्डच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटांचं एकच गाणं बसायचं. आता एका तबकडीवर डझनभर गाणी बसायला लागली. त्यामुळे सगळी गाणी एकाच भावनेची, असा अल्बम करता यायला लागला. फ्रँक सिनात्राने १९५५ मध्ये 'इन द वी स्मॉल अवर्स' काढून हे गाजवून दाखवलं. सिनात्राही १९१५ चाच. गाणं आपण बिलीकडून शिकलो, हे त्याने उघड मान्य केलं होतं.

बिलीला व्हायोलिनची साथ फार आधीपासून आवडायची. १९४४ मध्ये 'लव्हर मॅन' या गाण्यासाठी तिने हट्टाने ती मागून घेतली होती. आता तिला अख्खा अल्बम तसा हवा होता. रे एलिस या अरेंजरचा वाद्यसंगीताचा अल्बम तिने ऐकला आणि हाच माणूस पाहिजे, असं कोलंबियाला सांगितलं.

१२ गाणी ठरली. सगळी तुटलेल्या नाहीतर अर्ध्यावर राहिलेल्या प्रेमाची. तिने आधी कधीच रेकॉर्ड न केलेली. त्यातली तीन सिनात्राच्या त्या अल्बमवर होती. आणि पहिलं गाणं 'आय अॅम अ फूल टू वाँट यू' हे लिहिण्यात तर खुद्द सिनात्राचा हात होता.

रेकॉर्डिंग सोपं नव्हतं. बिलीची काही गाण्यांची तयारी झालेली नव्हती. शेवटचं गाणं तर तिला इतकं परकं होतं, की आधी ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड करून घेतला आणि त्यावर तिचा आवाज नंतर चढवला. एलिस वैतागला होता. त्याच्या डोक्यात सूर, ताल आणि कागदावर लिहिलेलं संगीत होतं.

पुढं मिक्सिंगच्या वेळी तो शांतपणे ऐकायला बसला, तेव्हा त्याचं मत बदललं. आपण सूर मोजत होतो आणि ती काय सांगतेय ते ऐकतच नव्हतो, हे त्याच्या लक्षात आलं.

अल्बम ऐकताना हा फरक तुम्हालाही जाणवेल. मागे व्हायोलिन रेशमासारखी गुळगुळीत आणि पुढे तिचा खरखरीत, चिरलेला आवाज. सूर लांबवायला दम पुरत नाही. पण शब्द कुठं टाकायचा, कुठं थांबायचं, हे विशीतल्या बिलीला जेवढं कळत होतं, त्याहून जास्त या बिलीला कळत होतं. तरुणपणी ती दुःखाच्या गाण्यातही खेळायची. इथं खेळ नाही.

काही समीक्षकांना हे ऐकवत नव्हतं. माइल्स डेव्हिसला मात्र तरुण बिलीपेक्षा ही बिली जास्त आवडायची.

शेवटचा पहारा

तिच्या हयातीत आलेला हा शेवटचा अल्बम. मार्च १९५९ मध्ये लेस्टर यंग गेला. मे महिन्याच्या शेवटी बिलीला यकृत आणि हृदयाच्या आजाराने न्यूयॉर्कच्या रुग्णालयात दाखल केलं. तिथं खोलीत अमली पदार्थ सापडले म्हणून पोलिसांनी तिला खाटेवरच अटक केली आणि दाराशी पहारा बसवला.

१७ जुलै १९५९ रोजी ती गेली. वय ४४. बँकेच्या खात्यात ७० सेंट होते आणि अंगावर लपवून ठेवलेले ७५० डॉलर.

२००० साली 'लेडी इन सॅटिन'ला ग्रॅमी हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं.

जन्मभर बिलीने काय गायचं, कुठं गायचं, कुठल्या लिफ्टने जायचं, हे दुसऱ्यांनी ठरवलं. सुरुवातीला तिच्याकडे आवाज होता, पण गाणी दुसऱ्यांनी नाकारलेली. शेवटी मनासारखा अल्बम करायला मिळाला, तेव्हा आवाज उरला नव्हता. मग जो उरला होता, त्यातच ती गायली.

पहिल्यांदा ऐकणार असाल, तर आधी १९३५ ची बिली ऐका आणि मग 'लेडी इन सॅटिन'. मधल्या तेवीस वर्षांत काय झालं, ते आता तुम्हाला माहीत आहे.