रमाबाईंचे प्रश्न

लेंटचे चाळीस दिवस सुरू झाले की आमच्या मंडळीतल्या बायकांच्या प्रार्थनासभा घरोघरी होतात. मागच्या वर्षी अशाच एका सभेत, बाळ गमावलेल्या एका सुनेनं विचारलं की, एवढी प्रार्थना करूनही देवानं असं का केलं? मोठ्या बायकांनी तिला गप्प केलं. असं विचारणं म्हणजे अविश्वास म्हणे! मीसुद्धा खाली मान घालून बसले. घरी आल्यावर मात्र पंडिता रमाबाई आठवल्या आणि माझी मलाच लाज वाटली.

रमाबाईंचा जन्म १८५८चा. लोकांचा रोष पत्करून अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं आणि तिनं लेकीला. पुराणं सांगत तीर्थोतीर्थी फिरणारं हे कुटुंब. व्रतं, उपास, दानधर्म, काही म्हणून बाकी ठेवलं नाही. तरी दुष्काळात आई, वडील, बहीण गेली. रमाबाईंची जुनी श्रद्धा तिथूनच डळमळली. १८७८मध्ये कोलकात्याच्या पंडितांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती म्हणून गौरवलं. पण पाठोपाठ भाऊ गेला, १८८२मध्ये पतीही. तेविशीतलं वैधव्य आणि पदरात तान्ही मनोरमा!

पुढच्याच वर्षी इंग्लंडात वाँटेज इथं मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. आता प्रश्न संपले असतील असं आपल्याला वाटतं. छे! त्रैक्याचं शिक्षण पटेना, तर तसं त्यांनी तिथल्या सिस्टरना सरळ लिहून कळवलं. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, हाही वाद. शाकाहार सोडला नाही. इकडे धर्म सोडला म्हणून लोक रागावलेले, तिकडे ऐकत नाही म्हणून सिस्टर नाराज. परक्या देशात, ज्यांच्या आश्रयाला राहायचं त्यांच्याशीच असं बोलायला केवढं धाडस लागत असेल!

बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी त्यांना जाणवलं की, धर्म मिळाला, पण ख्रिस्त अजून मिळालेला नाही. हे कबूल करणं मला सगळ्यात मोठं वाटतं. तोवर त्यांची शारदा सदन ही शाळा सुरू झाली होती, नाव झालं होतं. गप्प राहिल्या असत्या तर कुणाला कळलं असतं?

१८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी सुमारे तीनशे मुली-बायका आणल्या. केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून त्या बायबलचं मराठी भाषांतर करत बसल्या, साध्या बाईला कळेल असं. १९२१मध्ये मनोरमा गेली, तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. तेव्हाही लेंटच चालू होता, ईस्टर अकरा दिवसांवर होता.

यंदाची पहिली सभा माझ्या घरी आहे. त्या सुनेकडे मी स्वतः जाऊन आमंत्रण दिलंय. तिच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ नाही, हेही तिला सांगून आले. तिनं चहा केला, आणि बाळाचं नाव काय ठेवणार होते ते सांगत राहिली.