बीथोवेनची लय

गायनाच्या तासाला पेटीवर बोटें फिरविणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना पट्टी, लय व भाव हे तीन शब्द परिचयाचे आहेत. पट्टी म्हणजे कोणता स्वर षड्ज धरला तें. लय म्हणजे चाल द्रुत कीं विलंबित तें. आणि भाव म्हणजे ऐकणाऱ्याच्या मनांत जें उमटतें तें. पहिल्या दोहोंचें माप घेतां येतें, तिसऱ्याचें येत नाहीं. ह्या तिहींचा अपूर्व मेळ ज्यानें वाद्यवृंदांत घातला, आणि तोही स्वतःचे कान निकामी होत असतां, त्या लुडविग फान बीथोवेनचें चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहोंत.

बीथोवेनचा जन्म जर्मनींतील बॉन शहरीं १७७० सालच्या डिसेंबरांत झाला. त्याचा बाप दरबारीं गायक होता. परंतु तो मद्याच्या आहारीं गेलेला आणि मुलाला शिकवितांना कठोर असे. १७८७ सालीं आई वारली, तेव्हां धाकट्या दोघां भावांचा भार ह्या सोळा वर्षांच्या मुलावर येऊन पडला. १७९२ सालीं तो व्हिएन्ना शहरीं गेला. तेथें हायडन ह्या थोर संगीतकारापाशीं त्यानें शिक्षण घेतलें आणि पियानोवादक म्हणून लवकरच नांव मिळविलें.

परंतु वयाचीं तीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच त्याला ऐकूं येईनासें होऊं लागलें. चित्रकाराचे डोळे जावे तसाच हा प्रसंग! १८०२ सालीं हायलिगेनश्टाट गांवीं राहत असतां त्यानें आपल्या भावांना उद्देशून एक पत्र लिहिलें. जीव द्यावा असें वाटत होतें, परंतु आपल्या कलेनें आपणांस मागें ओढलें, असा त्याचा आशय होता. तें पत्र त्यानें कधींच धाडलें नाहीं. त्याच्या मृत्यूनंतर तें कागदपत्रांत सांपडलें.

ह्याच दुःखाच्या काळांतून त्याची पांचवी सिंफनी निर्माण झाली. ती १८०८ सालच्या २२ डिसेंबर रोजीं व्हिएन्नांत प्रथम वाजविली गेली. तो कार्यक्रम सुमारें चार तास चालला, नाट्यगृह थंडीनें गारठलें होतें आणि वादकांची तालीम अपुरी होती. ह्या कृतीच्या आरंभीं तीन ऱ्हस्व व एक दीर्घ असे चारच स्वर येतात, आणि सबंध पहिला भाग त्यांतूनच उभा राहतो. तिची पट्टी सी मायनर होय. आपल्या पेटीच्या भाषेंत सांगावयाचें तर षड्ज पांढरी एकचा, आणि गंधार व धैवत कोमल. शेवटच्या भागांत षड्ज तोच राहतो, पण गंधार व धैवत शुद्ध होतात, नवीं वाद्यें सामील होतात, आणि काळोख्या खोलीची खिडकी उघडावी तसा भाव पालटतो.

पट्टी कागदावर लिहितां येते; लयीचें काय? जलद ह्या अर्थाचा इटालियन शब्द लिहिला, तरी किती जलद हें वाजविणाऱ्याच्या मर्जीवर राही. मेल्झेल नांवाच्या यंत्रकारानें १८१५ सालीं मेट्रोनोम ह्या ठोके देणाऱ्या यंत्राचें पेटंट घेतलें. ह्याच मेल्झेलनें बीथोवेनसाठीं कानाला लावावयाचे कर्णेही बनविले होते. १८१७ सालीं बीथोवेननें आपल्या आठ सिंफनींच्या लयींचे आंकडे प्रसिद्ध केले. पांचवीच्या पहिल्या भागास मिनिटाला १०८ ठोके, आणि प्रत्येक ठोक्यांत एक संपूर्ण मात्रागट, असें त्याचें मान आहे. ज्याला वाद्यवृंद ऐकूं येत नाहीं, त्यानें आपली लय जगाच्या स्वाधीन करण्यास दुसरा कोणता मार्ग होता?

१८२४ सालच्या ७ मे रोजीं नववी सिंफनी वाजविली गेली. बीथोवेन रंगमंचावर उभा राहून लय दाखवीत होता. परंतु वादकांना त्याच्याकडे न पाहतां दुसऱ्या संचालकाकडे पाहण्याची ताकीद होती. शेवटीं टाळ्यांचा कडकडाट झाला, तरी त्याची पाठ श्रोत्यांकडेच होती. एका गायिकेनें त्याला वळविलें, तेव्हां तें दृश्य त्यानें डोळ्यांनीं पाहिलें. १८२७ सालच्या २६ मार्च रोजीं तो निवर्तला, आणि त्याच्या अंत्ययात्रेस हजारों लोक लोटले.

पुढें ध्वनिमुद्रणाची कला निघाली. १९१३ सालीं आर्थर निकिश ह्यानें बर्लिनच्या वाद्यवृंदाकडून पांचवी सिंफनी संपूर्ण वाजवून घेतली. वादक एका कर्ण्यापुढें दाटीनें बसत, आणि तबकडीच्या एका बाजूवर चारपांच मिनिटांपेक्षां अधिक संगीत मावत नसे. नंतर टोस्कानिनीनें तीच कृति तडफदार, ताठ लयींत वाजविली. फुर्टवेंगलरनें लय कोठें रोखून, कोठें सोडून, तिला गंभीर केलें. क्लेम्पररची लय तर बीथोवेनच्या आंकड्यापेक्षां पुष्कळच संथ; तरी त्याच्याच मुद्रणांतील पहिला भाग १९७७ सालीं व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळांत धाडण्यांत आला.

पट्टी एक, स्वर तेच. मग भाव निरनिराळा कां? आमच्या मतें लयीचा आंकडा हा घराचा उंबरठा आहे. आंत कसें वागावें हें ज्याचें त्यानें ठरवावयाचें असतें. विद्यार्थ्यांनो, ह्या सिंफनीचीं दोन मुद्रणें मिळवा, घड्याळ समोर ठेवून ठोके मोजा, आणि मग डोळे मिटून पुन्हां ऐका. तें मुद्रण ज्याला स्वतःला कधींच ऐकतां आलें नसतें, त्याची आठवण त्या वेळीं अवश्य ठेवा.