गिरणगावचे डॉक्टर

आपल्या वार्षिकात दरवर्षी एखाददुसरे चरित्र असतेच. ते बहुधा संतांचे, समाजसुधारकांचे किंवा क्रांतिकारकांचे असते आणि ते लिहिणे त्यामानाने सोपे असते, कारण त्या व्यक्तींच्या थोरवीविषयी कोणाचे दुमत नसते. मी ज्यांच्याविषयी लिहिणार आहे त्या डॉ. दत्ता सामंत यांच्याबद्दल मात्र आमच्या बुवापाड्यातल्या दहा बाय बाराच्या खोलीतसुद्धा एकमत नाही. आजोबा त्यांना आजही नुसते डॉक्टर म्हणतात, जणू काही मुंबईत दुसरा डॉक्टर झालाच नाही. आजीपुढे ते नाव निघाले की ती हातातले तांदळाचे ताट खाली ठेवून मोरीकडे निघून जाते. दोघेही एकाच संपात होरपळली. डॉक्टरांचा खून झाला तेव्हा माझा जन्मही झालेला नव्हता. तेव्हा मी जे लिहीत आहे ते वाचून, विचारून आणि घरातले हे दोन्ही पक्ष ऐकून लिहीत आहे.

दत्तात्रय नारायण सामंत यांचा जन्म २१ नोव्हेंबर १९३२ चा, मालवणजवळच्या देवबागचा. एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी अशी ती चिंचोळी पट्टी आहे. कोकणातल्या हजारो मुलांप्रमाणे तेही मुंबईला आले. मात्र गिरणीत न जाता परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात गेले आणि एम. बी. बी. एस. झाले. महाविद्यालय व त्याला लागून असलेले के. ई. एम. रुग्णालय गिरणगावाच्या अगदी मध्यावर आहे. पुढे वीस-पंचवीस वर्षांनी ज्या वस्तीने त्यांना डोक्यावर घेतले, त्या वस्तीतच त्यांचे शिक्षण झाले होते.

दवाखाना त्यांनी घाटकोपरच्या पंतनगर भागात चालवला. त्या काळी तेथील डोंगरात दगडाच्या खाणी होत्या. खाणीतले मजूर डॉक्टरांकडे येत ते खोकला घेऊन, ठेचलेली बोटे घेऊन. औषधाने खोकला तात्पुरता थांबे. पण मजूर पुन्हा त्याच धुळीत उतरे आणि मजुरी तर पोट भरण्याइतकीही नसे. रोग्याला बरे करायचे तर आधी त्याची मजुरी वाढली पाहिजे, हे डॉक्टरांना या खाणींनी शिकवले असे मला वाटते. साठच्या दशकात त्यांनी या मजुरांची संघटना बांधली. त्यांच्या पुढच्या सगळ्या राजकारणाचे मूळ मला कोणत्याही पुस्तकी तत्त्वज्ञानापेक्षा या दवाखान्यात दिसते.

ते काँग्रेसमध्ये होते, १९७२ साली विधानसभेवरही निवडून गेले. त्याच वर्षी विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात हिंसाचार झाला आणि त्यांना अटक झाली. आणीबाणीत, स्वतः सत्ताधारी पक्षाचे असूनही, त्यांना तुरुंगात जावे लागले. बाहेर आले ते अधिक मोठे होऊन. त्यानंतरच्या चार-पाच वर्षांत मुंबईपासून ठाणे-बेलापूर पट्ट्यापर्यंत कारखान्यामागून कारखान्यांतले कामगार जुनी युनियन सोडून त्यांच्याकडे गेले. त्यांची पद्धत अगदी सरळ होती. कंपनीचा ताळेबंद ते पाहत बसत नसत. कामगाराला जगायला किती लागते तेवढे मागायचे आणि मिळेपर्यंत संप मोडायचा नाही. अर्थशास्त्राच्या तासाला आम्हांला उत्पादकता आणि वेतन यांचा संबंध शिकवतात, त्यात ही पद्धत कुठेच बसत नाही. पण पगारवाढ मिळत असे हे खरे आहे.

येथे एक गोष्ट झाकून ठेवणे मला योग्य वाटत नाही. त्यांच्या संपांच्या आसपास रक्त सांडले. कामावर जाणाऱ्या कामगारांना मार बसला, अधिकाऱ्यांवर हल्ले झाले. मालकांनीही गुंड पोसले. डॉक्टरांवर खटले झाले. हल्ले करा असे त्यांनी सांगितले, असे म्हणण्यास माझ्याजवळ आधार नाही. परंतु हल्ले थांबावेत म्हणून त्यांनी आपले वजन पुरेसे खर्च केले, असेही मला वाटत नाही. आजीचा राग इथूनच सुरू होतो. शेजारच्या गाळ्यातला एक माणूस पोरांची उपासमार पाहवेना म्हणून पहाटेच्या पाळीला निघाला, त्याचे डोके फोडून त्याला घरी आणले, हे तिने डोळ्यांनी पाहिले आहे.

आता गिरण्यांकडे वळायचे तर थोडे मागे जावे लागते. गिरणगावात कम्युनिस्टांची गिरणी कामगार युनियन एके काळी फार बलवान होती. परंतु १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका उद्योगात एकच मान्यताप्राप्त युनियन असे ठरवले आणि ती मान्यता राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे गेली. मालकाने बोलायचे ते फक्त तिच्याशी. त्यातच ५ जून १९७० रोजी परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. स्वातंत्र्योत्तर मुंबईतला हा पहिला मोठा राजकीय खून समजला जातो. पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी उभ्या राहिल्या आणि हरल्या. शिवसेनेचे वामनराव महाडिक निवडून आले. एका माणसाला मारल्याने मतदारसंघ बदलतो, युनियन खिळखिळी होते आणि चाळीतली माणसे तोंड मिटून बसतात, हे त्या वर्षी गिरणगावाने पाहिले. मान्यता असलेल्या युनियनवर कामगारांचा विश्वास नाही आणि विश्वास असलेल्या युनियनमध्ये त्राण नाही, अशा पोकळीत १९८१ च्या दिवाळीत बोनसचा तंटा निघाला. स्टँडर्ड मिलचे कामगार चालत घाटकोपरला डॉक्टरांच्या दारी गेले. गिरणीधंद्याचा त्यांना अनुभव नव्हता आणि ते प्रथम तयारही नव्हते. कामगारांनी त्यांना अक्षरशः ओढून आणले.

१८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. सुमारे साठ गिरण्या आणि अडीच लाख कामगार. पगारवाढ हवी होती, तो १९४६ चा कायदा जायला हवा होता आणि बदली कामगारांना कायम करायला हवे होते. आजोबा लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात बदली होते. बदली म्हणजे काय हे आजच्या वाचकांस सांगितले पाहिजे. रोज पाळीच्या वेळी दारावर जाऊन उभे राहायचे. कोणी कायम कामगार गैरहजर असेल तर काम, नाहीतर घरी परत. असे वर्षानुवर्षे. डॉक्टरांनी या माणसांचा प्रश्न मागण्यांत घेतला हे आजोबा विसरायला तयार नाहीत. पैशापेक्षाही, आपले नाव कोणीतरी मोठ्याने घेतले याचे त्यांना अप्रूप आहे.

संप किती दिवस चालेल याचा अंदाज चुकला, सर्वांचाच. मालकांच्या गोदामात माल पडून होता. कापड आमच्याच ठाणे जिल्ह्यातल्या भिवंडीच्या यंत्रमागांवर विणून घेता येत होते. सरकार एका उद्योगात नमले तर सगळीकडे नमावे लागेल म्हणून दिल्लीपर्यंत कोणी हलले नाही. त्याच ऑगस्टच्या १८ तारखेला मुंबईत पोलिसांचेच बंड झाले, गिरणी कामगार रस्त्यावर आले आणि लष्कराला बोलवावे लागले. कामगार गावी शेतावर गेले. ज्यांना शेत नव्हते त्यांच्या बायकांनी आधी भांडी आणि मग मंगळसूत्र विकले. १९८३ मध्ये सरकारने तेरा गिरण्या ताब्यात घेतल्या, काही हजार कामगार परत गेले, उरलेल्यांना कोणी विचारले नाही. हा संप रीतसर मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. डॉक्टर मात्र हरूनही जिंकले : १९८४ च्या डिसेंबरात, इंदिराजींच्या हत्येनंतरच्या सहानुभूतीच्या लाटेत, दक्षिण-मध्य मुंबईतून ते लोकसभेवर निवडून गेले. ज्यांची राखरांगोळी झाली त्यांनीच मते दिली. या गोष्टीचा उलगडा आजीच्या बाजूने करता येत नाही.

यापुढचा भाग डॉक्टरांच्या चरित्रात सहसा एका ओळीत आटोपतात. मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

गिरणी बंद पडली की पाळी जाते, पाळी गेली की भोंगा जातो, आणि भोंगा गेला की घरातल्या मुलाला अमुक वेळेला अमुक ठिकाणी असले पाहिजे हा धाकही जातो. पूर्वी बाप निवृत्त झाला की मुलगा त्याच्या जागी चिकटे. ती वाट बंद झाली. लालबाग, परळ, भायखळ्याच्या चाळींतली कबड्डी खेळणारी पोरे नाक्यावर उभी राहू लागली आणि नाक्यावरच्या पोरांना टोळ्यांनी उचलले. ज्या माणसांचा गिरणीकामाशी संबंध होता अशांचीच मुले या टोळ्यांत मोठ्या प्रमाणावर शिरली. आजी सांगते, चाळीतला एक मुलगा तिच्या हातची भाकरी खाऊन मोठा झालेला. संपानंतर तीन-चार वर्षांनी त्याच्या मनगटावर भारी घड्याळ आले, त्याची आई कोणाच्या नजरेला नजर देईना, आणि पुढे एके दिवशी त्याच्या फोटोला हार चढला. तो कोणाच्या हातून गेला याची चाळीत चर्चाही झाली नाही. भीतीने चाळीचे असे होते. दारे उघडी राहतात पण माणसे बोलत नाहीत. वेस्ट इंडिजमधल्या जमैका बेटाविषयी वाचताना मला ही चाळ आठवली. तेथे किंग्स्टन शहरात पक्षांनी वस्त्या वाटून घेऊन तरुणांच्या हाती बंदुका दिल्या आणि १९८० च्या निवडणुकीच्या वर्षी शेकडो माणसे मेली. पुढे त्या बंदुका पक्षांच्याही ऐकेनात. मुंबई हेही मुळात बेटच आहे, आणि बेटावर जमीन थोडी असते.

जमिनीचा प्रश्न हाच. गिरण्या कापडापेक्षा जमिनीच्या रूपाने अधिक मोलाच्या झाल्या. १९९१ च्या नियमावलीने ती जमीन काही अटींवर विकण्याची वाट उघडली. मग टोळ्यांचे लक्ष तिकडे गेले. ७ मे १९९४ रोजी खटाव मिलचे मालक सुनीत खटाव यांना महालक्ष्मीजवळ भररस्त्यात गाडीत गोळ्या घातल्या गेल्या. पूर्वी मालक आणि कामगार यांच्यात युनियन उभी असे. आता तेथे पिस्तूल उभे राहिले.

डॉक्टर तेव्हाही कामगारांतच होते. वैभव गेले होते, १९८९ नंतर खासदारकीही नव्हती, तरी पंतनगरच्या कार्यालयात रोज माणसे येत होती. १६ जानेवारी १९९७ रोजी सकाळी पवईच्या घरातून टाटा सुमोने ते तिकडेच निघाले. थोड्या अंतरावर एक सायकलस्वार आडवा आला, गाडी थांबली, आणि मारेकऱ्यांनी जवळून गोळ्या झाडल्या. सतरा गोळ्या लागल्याची नोंद आहे. संपाच्या पंधराव्या वर्षदिनाला दोन दिवस उरले होते. ते चौसष्ट वर्षांचे होते. अंत्ययात्रेला कामगारांचा महासागर लोटला आणि आजोबा अंबरनाथहून पहिल्या मिळालेल्या लोकलने गेले होते. त्या दिवशीचा खाडा त्यांच्या पगारातून कापला गेला. आजीने त्यांना अडवले नाही, एवढेच ती स्वतःहून सांगते.

संपानंतर आजोबा दोन वर्षे गावी होते. मग अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत लागले आणि भाडे परवडेल अशी खोली बुवापाड्यात मिळाली. आमच्या गल्लीत अशी आणखी घरे आहेत. ज्या पोरांची चाळ सुटली ती कदाचित वाचली, असे आजी म्हणते, आणि माझे वडील त्यांत होते. तिकडे गिरण्यांच्या जागी मॉल आणि मनोरे उभे राहिले. काही गिरण्या नुसत्याच ओसाड पडल्या. महालक्ष्मीच्या शक्ती मिलच्या अशाच ओसाड आवारात ऑगस्ट २०१३ मध्ये एका तरुण छायापत्रकारावर सामूहिक बलात्कार झाला. कामगारांच्या घरांसाठी म्हाडाची सोडत २०१२ पासून निघू लागली. पावणेदोन लाखांच्या आसपास अर्ज आणि घरे त्या मानाने मूठभर. डॉक्टरांच्या खुनानंतर गिरणगावात तेवढ्या ताकदीचा कामगार पुढारी झाला नाही. ज्याला व्हायचे असेल त्याने १९७० आणि १९९७ ही दोन्ही साले ऐकलेली असतात.

खुनाचा खटला दीर्घकाळ चालला. २००० साली काही मारेकऱ्यांना जन्मठेप झाली. कट रचल्याचा आरोप असलेला टोळीप्रमुख छोटा राजन याच्यावरील खटला पुढे स्वतंत्र चालला आणि जुलै २०२३ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने पुराव्याअभावी त्याला निर्दोष सोडले. गोळ्या झाडणारे ठरले. त्यांच्या मागे कोण होते, हे सव्वीस वर्षांनंतरही न्यायालयात सिद्ध झाले नाही.