अ‍ॅलन ट्युरिंग: मशीनच्या आत मशीन चालवता येतं हे सांगणारा माणूस

तुमच्या मोबाईलमधलं अ‍ॅप ज्या सर्व्हरशी बोलतं, तो बऱ्याचदा वेगळा डबा नसतोच. एकाच मोठ्या सर्व्हरवर चालणाऱ्या अनेक व्हर्च्युअल मशीनपैकी तो एक असतो. ही मशीन सांभाळणं हे माझं रोजचं काम. त्यासाठी टूल कोणतं घ्यावं, असं कुणी विचारलं की मी आधी ट्युरिंगबद्दल सांगतो.

अ‍ॅलन ट्युरिंगचा जन्म लंडनमध्ये २३ जून १९१२ रोजी झाला. वडील मद्रास प्रांतात सरकारी नोकरीत, त्यामुळे त्याचं लहानपण बरंचसं आई-वडिलांपासून दूर, इंग्लंडमध्ये गेलं. पुढे केंब्रिजला असताना त्याने एक निबंध लिहिला, जो १९३६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दोन मोठ्या गोष्टी होत्या. पहिली: एका मशीनचं वर्णन लिहून दुसऱ्या मशीनला दिलं, तर ते हुबेहूब पहिल्यासारखं वागू शकतं. व्हर्च्युअल मशीनचं मूळ इथेच आहे. दुसरी: कोणताही प्रोग्रॅम कधी थांबेल की चालतच राहील, हे दर वेळी आधीच ओळखणारी पद्धत असूच शकत नाही.

दुसऱ्या महायुद्धात त्याने ब्लेचली पार्कमध्ये जर्मन एनिग्माचे संदेश उलगडायला मदत केली. ते काम कित्येक वर्षं गुप्तच राहिलं. १९५२ मध्ये समलैंगिक संबंधांवरून त्याच्यावर खटला झाला. तुरुंग टाळायचा तर हार्मोनचे उपचार घ्यावे लागणार होते. ७ जून १९५४ ला, वयाच्या ४१ व्या वर्षी, तो गेला. सरकारी माफी मिळाली थेट २०१३ मध्ये.

आता टूलकडे येऊ. घरच्या लिनक्स पीसीवर दोन-चार मशीन असतील तर व्हर्ट-मॅनेजर पुरतं. एकच सर्व्हर ब्राउझरमधून बघायचा असेल तर कॉकपिट. सर्व्हर अनेक असतील, बॅकअप वेळापत्रकाने हवे असतील, तर प्रॉक्समॉक्स. गंमत म्हणजे लिनक्सवर या तिन्हींच्या खाली सहसा केव्हीएमच काम करत असतं. म्हणून स्पीडवर भांडू नका.

मी वेगळंच तपासतो. स्क्रीनवर मशीन चालू दिसतं, पण आतला प्रोग्रॅम अडकलाय की नुसता वेळ घेतोय, हे कोणतंही टूल प्रत्येक वेळी खात्रीने सांगू शकणार नाही. ती मर्यादा ट्युरिंगने तेव्हाच दाखवून दिली. त्यामुळे ज्या टूलमध्ये मशीनचा कन्सोल पटकन उघडतो, ते सक्तीने बंद करता येतं आणि जुन्या स्नॅपशॉटवर सहज परतता येतं, तेच टूल घ्या.